बाभळीच्या ओंडक्यावर मोजलेली ताकद: एका चेनसॉच्या सिलिंडर-पिस्टनवरील कामाच्या नोंदी

४ मे २०२५

आज या कामाची वही उघडली. सिंदेवाही तालुक्यातील आमच्या गावात माझे फवारणी पंप, पाण्याच्या मोटारी आणि चेनसॉ दुरुस्त करण्याचे लहानसे दुकान आहे. ज्या मशीनवर काम करायचे आहे ती माझी स्वतःची, चिनी बनावटीची असून तिच्या अंगावर ‘५८ सीसी’ असे छापलेले आहे. चार वर्षे ती धुऱ्यावरच्या बाभळी आणि वादळात आडवी झालेली झाडे कापत आली आहे. तिच्या सिलिंडरची भोके, म्हणजे पोर्ट, आणि पिस्टन यांत मोजूनमापून बदल करून तिची ताकद वाढवायची, असा हा प्रकल्प आहे.

हेच काम मी गेल्या वर्षी एकदा केले आणि एक सिलिंडर वाया घालवला, त्याची नोंद आधी करणे आवश्यक आहे. तरुणपणी नागपूरच्या एका गॅरेजात मी तीन वर्षे आरएक्स हंड्रेडची इंजिने उघडली होती. त्या मोटारसायकलचे एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळालेला वायू बाहेर जाण्याचे भोक, वर उचलले की गाडी कशी पळते, हे हातांना ठाऊक होते. त्याच हिशोबाने चेनसॉचे एक्झॉस्ट पोर्ट मी कोन न मोजता अडीच मिलिमीटर वर घासले. मशीन सुरू झाली तेव्हा तिचा आवाज शिवाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, पण चेन लाकडाला टेकताच इंजिन बसत होते. सोबतचा मजूर थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “भाऊ, आवाज त लई भारी येऊन राह्यला, पण लाकूड काऊन नाही कापून राह्यला?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला नंतर नीट उमगले. आरएक्स हंड्रेडला लांब, मध्ये फुगीर सायलेन्सर असतो. त्यातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, म्हणून तिथे उंच पोर्ट परवडते. चेनसॉचा सायलेन्सर म्हणजे इंजिनाला चिकटलेला पत्र्याचा डबा, त्यातून अशी मदत मिळत नाही. पोर्ट लवकर उघडले की जळता वायू पिस्टनला पुरते ढकलण्याआधीच निघून जातो, आणि वर येताना पोर्ट उशिरा बंद झाल्याने दाबण्याजोगे मिश्रणही कमी उरते. म्हणून या वेळी निकाल आवाजावर न ठरवता लाकडावर ठरवायचा आहे.

चाचणीची पद्धत अशी ठरवली. आमच्याच धुऱ्यावरच्या, गेल्या वादळात पडलेल्या बाभळीचा ३० सेंटिमीटर जाडीचा, अडीच मीटर लांबीचा ओंडका दुकानामागे दोन ठोकळ्यांवर मांडला आहे. माझ्या चुलतभावाकडे हुबेहूब हीच मशीन आहे आणि तिचे इंजिन कंपनीतून आले तसेच आहे. प्रत्येक चाचणीच्या वेळी एकच १८ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि एकच चेन आधी त्याच्या मशीनवर आणि मग माझ्या मशीनवर चढवायची, दोन्ही वेळा सारखी धार करून घ्यायची, प्रत्येकी पाच काप घ्यायचे आणि मशीन स्वतःच्या वजनाने जेवढी उतरेल तेवढीच उतरू द्यायची. ओंडका महिन्यागणिक वाळत आणि टणक होत जाणार. त्यामुळे मे महिन्याचे सेकंद डिसेंबरच्या सेकंदांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्याच दिवशीच्या दोन मशीनमधला फरक मात्र खरा असेल.

आजचे आकडे: भावाची मशीन सरासरी २४.९ सेकंद, माझी २४.६ सेकंद. दोघी सारख्याच धरण्यास हरकत नाही.

६ मे

इंजिन उघडले. सिलिंडरचा व्यास ४५.२ मिलिमीटर भरला आणि पिस्टनची धाव ३४ मिलिमीटर. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय (π) गुणिले धाव, असा साधा हिशोब केला तर घनफळ ५४.६ सीसी येते, अंगावर छापलेले ५८ येत नाही. दोनदा मोजले, आकडा तोच आला. गिऱ्हाइकाला मशीन घेताना हा हिशोब कोणी करून दाखवत नाही. मला मात्र पुढचे प्रत्येक माप याच आकड्यावरून काढायचे असल्यामुळे तो पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आहे.

पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा पातळ थर आहे, स्कर्टवर, म्हणजे त्याच्या खालच्या घेरावर, उभ्या हलक्या रेघा आहेत, पण कुठेही ओढल्याची खूण नाही. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने पाहिली, ती ०.३ मिलिमीटर आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब, उघडण्याआधी १४० पीएसआय होते.

८ मे

आजचा दिवस कोन मोजण्यात गेला. एका निकामी प्लगचा चिनी मातीचा भाग फोडून त्यात बोल्ट बसवला आणि पिस्टनचा अडसर तयार केला. जाड पुठ्ठ्यावर ३६० अंशांची चकती काढून ती फ्लायव्हीलच्या नटाखाली पकडली आणि तारेचा काटा केसिंगला बांधला. पिस्टन अडसराला टेकेपर्यंत एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरवला की दोन आकडे मिळतात. त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी, पिस्टन सर्वांत वर असण्याचा बिंदू. नुसत्या नजरेने तो बिंदू ठरवायला गेले तर चार-पाच अंशांची चूक सहज होते, कारण तिथे क्रँक बराच फिरला तरी पिस्टन जागचा हलत नाही.

टीडीसीपासून मोजल्यावर एक्झॉस्ट १०४ अंशांवर उघडते आणि ट्रान्सफर, म्हणजे खालच्या क्रँककेसमधून ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये आणणारे पोर्ट, १२२ अंशांवर. इनटेक, म्हणजे कार्बोरेटरमधून मिश्रण आत घेणारे पोर्ट, टीडीसीच्या दोन्ही बाजूंना ७२ अंश उघडे राहते. एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतचे अंतर १८ अंश आहे. एवढ्या वेळात जळालेल्या वायूचा दाब उतरला पाहिजे, नाहीतर तो ट्रान्सफरमधून उलटा क्रँककेसमध्ये घुसतो आणि खालून येणारे ताजे मिश्रण खराब करतो. वेग जसा वाढतो तसे १८ अंश अपुरे पडतात.

ठरवलेले लक्ष्य असे आहे: एक्झॉस्ट १०१, ट्रान्सफर १२२, इनटेक ७८. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर यांच्यात २१ अंश मिळतील. गेल्या वर्षीचा वाया गेलेला सिलिंडर आज पहिल्यांदाच चकतीवर मोजला, तेव्हा त्याचे एक्झॉस्ट ९५ अंशांच्याही आत उघडत असल्याचे दिसले. या इंजिनात एक्झॉस्टच्या वरच्या कडेजवळ एक अंश म्हणजे साधारण पाव मिलिमीटर होतो. हे एवढे ठाऊक असते तर मी तेव्हा अडीच मिलिमीटर घासायला धजलो नसतो.

१४ मे

पिस्टन वर आल्यावर त्याचा माथा आणि सिलिंडरच्या डोक्याची कड यांच्यात जी फट उरते तिला स्क्विश म्हणतात. ती मोजण्यासाठी सोल्डरची मऊ तार प्लगच्या भोकातून भिंतीला टेकेपर्यंत आत घातली आणि क्रँक एकदा फिरवला. तार पिस्टन पिनच्या रेषेवरच घालावी लागते, एरवी पिस्टन किंचित कलंडतो आणि माप खोटे येते. दबलेल्या टोकाची जाडी डाव्या बाजूला १.१६ आणि उजव्या बाजूला १.१२ मिलिमीटर भरली.

ही फट मोठी आहे. कडेच्या सपाट पट्टीतले मिश्रण इतक्या अंतरामुळे झटक्याने मध्यभागी प्लगकडे फेकले जात नाही आणि कडेलाच अर्धवट जळत राहते. सिलिंडरखालचे गास्केट ०.५ मिलिमीटर जाड आहे. ते काढून त्या जागी उष्णता सोसणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ थर दिला, तेव्हा स्क्विश ०.६६ आणि ०.६२ वर आली. आणखी मिलिमीटरचा दहावा हिस्सा कमी करता आला असता, पण चार वर्षे चाललेल्या बेअरिंगला थोडी ढिलाई असतेच आणि वेगात कनेक्टिंग रॉड ताणला जातो, याचा विचार करून इथेच थांबलो.

गास्केट काढल्याने सगळे पोर्ट अर्धा मिलिमीटर खाली आले, हे विसरून चालत नाही. एक्झॉस्ट आता १०६ वर आणि ट्रान्सफर १२४.५ वर उघडतात, म्हणजे दोन्ही उशिरा. इनटेकची दिशा उलटी आहे. ते पिस्टनच्या स्कर्टच्या खालच्या कडेने उघडते, त्यामुळे पोर्टची खालची कड खाली आली की ते लवकर उघडते, आणि तो कोन ७३.५ झाला. आणखी एक तपासणी अशी की पिस्टन टीडीसीला असताना एक्झॉस्ट बाजूचा स्कर्ट पोर्टच्या खालच्या कडेला झाकतो की नाही. आधी तो १.६ मिलिमीटरने झाकत होता, आता १.१ मिलिमीटरने झाकतो. तेवढे पुरेसे आहे, पण एक्झॉस्टची खालची कड या कामात कानसेने शिवायचीही नाही, कारण तिथे फट पडली तर क्रँककेस थेट सायलेन्सरला उघडतो आणि इंजिनाचा श्वासच तुटतो.

१८ मे

फक्त गास्केटच्या बदलाचा परिणाम वेगळा कळावा म्हणून, पोर्टला हात न लावता मशीन जोडून चाचणी घेतली. कॉम्प्रेशन १५८ पीएसआय. भावाची मशीन २४.९, माझी २२.८ सेकंद. एक कागदी गास्केट काढल्याने दोन सेकंद मिळाले, आणि यात धातूचा एक कणही कापलेला नाही.

२६ मे

काल नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागला. दुपारी दुकानाच्या पत्र्याखाली हात टेकवत नाही, म्हणून पहाटे साडेचार ते साडेसात एवढ्याच वेळात घासण्याचे काम करतो आहे. त्या वेळी वीजही सहसा टिकते.

एक्झॉस्टच्या वरच्या कडेपासून १.३ मिलिमीटर अंतरावर रेघ आखायची होती. त्यासाठी सिलिंडरच्या आतल्या भिंतीला काळ्या मार्करने रंग दिला, पिस्टन हव्या त्या कोनावर आणून अडकवला आणि त्याच्या माथ्याच्या कडेने टोकदार सुईने ओरखडा काढला. मोजपट्टी आत जात नाही, पण पिस्टनच स्वतः मोजपट्टीचे काम करतो. रुंदी २५ वरून २७ मिलिमीटर करायची, प्रत्येक बाजूला एकेक मिलिमीटर. २७ मिलिमीटर म्हणजे व्यासाच्या ६० टक्के होतात. त्याहून रुंद पोर्टवरून जाताना रिंग बाहेरच्या बाजूला फुगते आणि कडेला अडकण्याची भीती असते. रिंगची टोके पोर्टवर येत नाहीत ना, हेही पिस्टनमधली रिंगची खिळी पाहून आधी तपासले.

सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून आतून त्याला कठीण धातूचा पातळ मुलामा आहे. ॲल्युमिनियम कार्बाइड बरच्या, म्हणजे घासणाऱ्या फिरत्या टोकाच्या, दातांत चिकटून बसते, म्हणून दर मिनिटाला बर रॉकेलच्या वाटीत बुडवून काढावा लागतो. मुलाम्याच्या बाबतीत एकच नियम आहे. हत्याराची फिरकी मुलाम्याला आतून ॲल्युमिनियमवर दाबणारी असावी. ती उलटी, म्हणजे मुलाम्याला भिंतीवरून आत उचकटणारी, असली की त्याचे पापुद्रे सुटतात.

हे पाठ असूनही आज सहा वाजून गेल्यावर उजव्या वरच्या कोपऱ्यात माझा हात घसरला. बर उलट्या दिशेने कडेला लागला आणि मुलाम्याचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला. खाली चमकणारे मऊ ॲल्युमिनियम दिसताच मी हत्यार बंद करून ठेवले आणि अर्धा तास त्याला हात लावला नाही. मग भिंगाखाली पाहिले. टवका रेघेच्या वरच्या बाजूला ०.३ मिलिमीटरहून आत गेलेला नव्हता. हिऱ्याच्या बारीक कानसेने तो कोपरा गोलाकार करून घेतला, तेव्हा टवक्याची सगळी जागा गोलाईत मिसळली. त्यामुळे पोर्टचे माथे सरळ रेषेऐवजी किंचित कमानदार झाले आहे. डावा कोपराही तसाच करून दोन्ही बाजू जुळवल्या. कमान रिंगसाठी चांगलीच, कारण रिंग पोर्टची कड एका दमात न ओलांडता क्रमाक्रमाने आत सरकते. तरीही हे माझ्या योजनेत नव्हते आणि पहाटेच्या तिसऱ्या तासाला थकलेल्या हाताने कोपरा घ्यायला नको होता.

२९ मे

ट्रान्सफर पोर्ट उचलण्याचे काम फक्त अर्ध्या मिलिमीटरचे आहे, पण सगळ्यांत जिकिरीचे तेच ठरले, कारण हत्यार सिलिंडरच्या खालच्या तोंडातून आत घालून काटकोनात वळवावे लागते. श्नुर्ले या जर्मन अभियंत्याने १९२० च्या दशकात जी रचना काढली, तीच आजही या इंजिनात आहे. दोन बाजूंच्या ट्रान्सफरमधून येणारे प्रवाह एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीकडे रोखलेले असतात. ते तिथे एकत्र येऊन वर चढतात, डोक्याशी वळतात आणि जळालेल्या वायूला एक्झॉस्टकडे लोटतात. प्रवाहाची दिशा पोर्टच्या भिंतींच्या कलाने ठरते. म्हणून मी माथा उचलताना त्याचा मूळ कल राखला आणि बाजूच्या भिंतींना हात लावला नाही. दोन्ही पोर्ट एकाच अंशावर उघडले पाहिजेत, नाहीतर जो आधी उघडतो त्याचा प्रवाह दुसऱ्याला दाबून टाकतो. पातळ पत्र्याची वाकवलेली पट्टी आत घालून उंची ताडली, सारखी वाटली.

१ जून

सगळ्या पोर्टच्या कडा आतून बारीक पॉलिश पेपरने मोडून घेतल्या. बोट फिरवून धार लागली नाही याची खात्री होईपर्यंत हे काम थांबवायचे नसते. नंतर सिलिंडर साबणाच्या गरम पाण्याने तीनदा धुतला. पांढऱ्या सुती फडक्यावर करडा डाग उठायचा बंद झाल्यावरच तेल लावून जोडणी केली.

गास्केटऐवजी सीलंट वापरल्यामुळे हवेची गळती तपासणे अत्यावश्यक होते. टू-स्ट्रोकमध्ये बाहेरची हवा कुठूनही आत शिरली की मिश्रण पातळ होते, पेट्रोलसोबत येणारे तेलही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. यासाठी मी रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि गोल घड्याळ वापरतो. एक्झॉस्टचे तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बंद केले, इनटेकवर नळी बसवलेली पट्टी आवळली आणि फुगा दाबत काटा २५० पर्यंत नेला. हा दाब वातावरणाच्या एक तृतीयांश होतो. एका मिनिटात काटा १७० वर आला. साबणाचे पाणी फिरवले तर सिलिंडरच्या तळाशी एकही बुडबुडा नव्हता. फ्लायव्हीलच्या बाजूच्या क्रँक सीलभोवती मात्र मोहरीएवढे बुडबुडे ओळीने उठत होते. म्हणजे माझी जोडणी घट्ट होती आणि चार वर्षांचे जुने सील कडक झाले होते. दोन्ही सील बदलले. आता काटा दहा मिनिटे हलत नाही. मोठ्या सिरिंजने हवा ओढूनही पाहिले, कारण काही सील आतून दाब दिला तर धरतात आणि ओढ बसली की सोडतात.

४ जून

सायलेन्सर. त्याला १२ मिलिमीटरचे एकच भोक होते, क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर. वाढवलेले एक्झॉस्ट पोर्ट ३०० चौरस मिलिमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इतक्या मेहनतीने मोकळी केलेली वाट पुढे जाऊन पुन्हा अडत होती. खालच्या बाजूला १४ मिलिमीटरचे दुसरे भोक पाडून नळीचा तुकडा झाळून बसवला. दोन्ही मिळून २६७ झाले. ठिणग्या अडवणारी बारीक जाळी दोन्ही तोंडांवर लावली आहे. ही जाळी काढली की मशीन मोकळी होते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्याकडे फेब्रुवारीपासून पानगळीचा थर गुडघाभर साचतो, मोहाच्या झाडाखाली आणि तेंदूच्या रानात एका ठिणगीने वणवा लागतो, आणि तो विझवायला गावातलीच माणसे हिरव्या फांद्या घेऊन धावतात. जाळीशिवाय ही मशीन माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही.

७ जून

मशीन तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. कॉम्प्रेशन १५० पीएसआय, म्हणजे गास्केट काढल्यावर मिळालेल्यातले थोडे एक्झॉस्ट उचलल्याने गेले, तरी मूळपेक्षा ते जास्तच आहे.

कार्बोरेटरचा एच स्क्रू, म्हणजे पूर्ण वेगाला किती पेट्रोल जावे हे ठरवणारा स्क्रू, पाव फेऱ्याहून अधिक उघडावा लागला. यातला काही भाग वाढलेल्या हवेसाठी आणि काही भाग पेट्रोलसाठी. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या पेट्रोलवर बरोबर असलेला स्क्रू आजच्या पेट्रोलवर मिश्रण पातळ ठेवतो. दुकानात येणाऱ्या जाम झालेल्या मशीनपैकी बऱ्याच मशीनचे स्क्रू कोणी कधी फिरवलेलेच नसतात. तेल मी एका लिटरला ४० मिली ठेवले आहे.

पूर्ण थ्रॉटलवर लाकडाबाहेर इंजिन किंचित अडखळत थडथडले पाहिजे आणि चेन लाकडात शिरताच तो थडथडाट जाऊन आवाज एकसुरी झाला पाहिजे. हा बदल ऐकू येईपर्यंत स्क्रू उघडत जायचा. टॅकोमीटरवर (फेऱ्या मोजण्याच्या यंत्रावर) रिकामा वेग मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर थांबवला.

चाचणी: भावाची मशीन २५.३, माझी २०.६ सेकंद.

८ जून

इनटेक राहिले होते. ७३.५ वरून ७८ अंशांवर न्यायला १.४ मिलिमीटर लागतात. ते पोर्टची खालची कड खाली घासून मिळवता येतात किंवा इनटेक बाजूचा पिस्टनचा स्कर्ट तेवढा आखूड करून मिळवता येतात. मी पिस्टन निवडला. अंदाज चुकला तर पिस्टन नवा घेता येतो, सिलिंडर मात्र भरून निघत नाही, आणि तसा एक माझ्या फळीवर पडून आहे. स्कर्टवर रेघ मारून सपाट कानसेने १.४ मिलिमीटर काढले आणि कड आतबाहेर गोल केली. यात तोटाही आहे. स्कर्ट आखूड झाला की पिस्टनला आधार कमी मिळतो आणि तो अधिक डुलतो, म्हणून दीड मिलिमीटरपलीकडे मी जाणार नव्हतो.

मृगाच्या पावसाआधी ओंडका कोरडा असतानाच काप घेतले. भावाची मशीन २५.३, माझी १८.९ सेकंद. पाचही काप १८.६ ते १९.२ च्या दरम्यान आले. तिसऱ्या कापाला मी मुद्दाम थोडा भार दिला, तरी वेग पडला नाही. गेल्या वर्षीचा तोच मजूर ओंडका धरायला होता. या वेळी तो काही बोलला नाही, पण कापलेली चकती उचलून बराच वेळ हातात घेऊन उभा राहिला.

प्रज्वलनाची वेळ पुढे आणण्यासाठी फ्लायव्हीलची चावी घासण्याचा विचार होता, तो सोडून दिला. ४५ अंशांच्या उन्हात इंजिन आधीच तापलेले असते, त्यावर आणखी उष्णता घालायची नाही.

१४ सप्टेंबर

पावसाळ्यात पडलेल्या झाडांवर २० टाक्या पेट्रोल चालल्यावर इंजिन तपासण्यासाठी उघडले. स्कर्टच्या खुणा एकसारख्या आणि फिकट आहेत. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पाहण्यासारखी होती. ताजे मिश्रण जिथे आदळते तिथे काजळी धुऊन जाते आणि स्वच्छ ठिपका उरतो. डाव्या ट्रान्सफरसमोरचा ठिपका करंगळीच्या नखाएवढा होता, उजव्यासमोरचा त्याच्या निम्मा. पट्टीने सारखे वाटलेले पोर्ट सारखे नव्हते. चकती लावून मोजले तर उजवे जवळजवळ एक अंश उशिरा उघडते, म्हणजे ०.२ मिलिमीटरचा फरक. मे महिन्यात कोन मोजून पाहण्याऐवजी पट्टीवर विसंबलो होतो. दोन तास लावून उजवा माथा जुळवला आणि पुन्हा गळती तपासून जोडणी केली.

२१ डिसेंबर

गेल्या आठवड्यात थंडीने जोर धरला. आज सकाळी सात वाजता दुकानातल्या तापमापकावर ९ अंश होते आणि मशीन सुरू करताच आवाज कोरडा व तीक्ष्ण वाटला. पूर्ण थ्रॉटलवर थडथडाट येतच नव्हता, टॅकोमीटर १२,९०० दाखवत होता. लाकडाला न लावता लगेच बंद केली. जूनमध्ये ४४ अंशांत बसवलेला स्क्रू तसाच होता. थंड हवा त्या दिवसाच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट आहे, आणि कार्बोरेटर हवेच्या दाटपणाइतके पेट्रोल वाढवत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ पडते. उन्हाळ्यात बसवलेल्या मशीन डिसेंबरच्या सकाळी जाम होतात त्याचे कारण हेच. स्क्रू थोडा उघडला, थडथडाट परतला, वेग १२,००० वर आला.

आजची चाचणी: भावाची मशीन २४.८, माझी १८.२ सेकंद. ओंडका जूनपेक्षा टणक असूनही दोन्ही मशीनचे सेकंद कमी झाले, ते दाट हवेमुळे. फरक ६.६ सेकंदांचा आहे, जूनमध्ये तो ६.४ होता. उजव्या ट्रान्सफरच्या दुरुस्तीचा त्यात वाटा असावा असे वाटते, पण पाच कापांवरून ०.२ सेकंदांचा निष्कर्ष काढणे योग्य नाही. प्लगचे टोक फिकट तपकिरी आहे.

भावाने आता त्याची मशीनही करून मागितली. तुलनेसाठी मूळ मशीन उरणार नाही, याची चुटपुट लागली. तरी सहा महिने तो शेजारी उभा राहून स्वतःच्या मशीनचे सेकंद पाहत आला आहे, त्याला नाही म्हणणे बरोबर नव्हते. संध्याकाळी तिचे सिलिंडर उघडून चकती लावली. तीच बनावट, तोच छापील आकडा, पण एक्झॉस्ट १०४ ऐवजी १०२ वर उघडते आणि स्क्विश १.३ आहे. माझ्या सिलिंडरची मापे इथे चालणार नाहीत. वहीचे नवे पान घेतले आहे.